विहाराचे कुलूप आणि बारावीचा विद्यार्थी



भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत पावसाळा उतरला की आपल्या घरांत दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एक भाताची लावणी आणि दुसरे मुलांची अकरावी. पहिल्या कामास घरातील लहानथोर सारे चिखलात उतरतात. दुसऱ्या कामात मूल एकटे असते. या एकटेपणाबद्दल आम्हांस आज आपणांशी थोडे कठोर बोलावयाचे आहे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांच्या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी साऱ्या देशाची नीट, ही आजच्या उच्च शिक्षणाची दारे होत. बारावी उत्तीर्ण झाले म्हणजे दार उघडले, असा काळ कधीच संपला. परंतु आपल्यातील कित्येक आईबाप बारावीच्या निकालाचे पेढे वाटून झाल्यावर प्रथम सीईटीचे नाव ऐकतात. तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते.

कोणी म्हणेल, "आम्हांस राखीव जागा आहेत, मग एवढी चिंता कशाला?" या समजुतीने आपले जेवढे नुकसान केले आहे तेवढे आपल्या विरोधकांसही करता आले नसते. राखीव जागा म्हणजे मागेल त्यास जागा नव्हे. त्या जागेसाठीही गुणानुक्रम लागतो, आणि त्या यादीत वेल्ह्याच्या मुलासमोर पुण्याच्या, नागपूरच्या, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) अधिकाऱ्यांची, प्राध्यापकांची मुले उभी असतात. ती मुलेही आपलीच आहेत, त्यांचा आम्हांस हेवा नाही. पण त्यांनी दोन वर्षे तयारी केलेली असते आणि आपल्या मुलाने दोन महिने, हा फरक कोणता कायदा भरून काढणार?

दुसरा म्हणेल, "पुण्यातील शिकवणीचे लाखभर रुपये आम्ही कोठून आणावे?" हा प्रश्न खरा आहे. तथापि शिकवणीच्या जाहिराती जे सांगत नाहीत ते आपण जाणून घ्या. सीईटीचे प्रश्न राज्याच्याच अभ्यासक्रमावर येतात. बारावीचा अभ्यासक्रम आणि अकरावीतील ठरावीक प्रकरणे मिळून ही परीक्षा होते, आणि अकरावीचा भार सुमारे २० टक्के असतो. म्हणजे बालभारतीची पुस्तके हाच तिचा पाया; ती पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. भौतिक, रसायन व जीवशास्त्राच्या प्रत्येक प्रश्नास एक गुण, गणिताच्या प्रश्नास दोन. चुकीच्या उत्तराचा गुण कापला जात नाही, म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडणे हा वेडेपणा होय. नीटमध्ये मात्र बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, तेथे अंदाजाचे तीर मारणे महाग पडते. एवढी साधी गोष्ट सांगावयास लाख रुपये लागत नाहीत, सांगणारा माणूस लागतो.

खरी अडचण निराळीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकलेले मूल अकरावीच्या शास्त्र शाखेत गेले की एका दिवसात सारे शास्त्र इंग्रजी होऊन बसते. त्यास गती माहीत असते, पण 'व्हेलॉसिटी' माहीत नसते. आम्ल माहीत असते, 'ॲसिड' ऐकलेले असते, पण वाक्य लागत नाही. वर्गात हात वर करावयाची लाज वाटते, आणि दिवाळीपर्यंत ते मूल स्वतःस मंदबुद्धी समजू लागते. ते मंद नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, त्यानंतरचे अडीच-तीन महिने मूल लग्नाच्या वऱ्हाडात आणि यात्रांत घालवते. त्याच महिन्यांत रोज दहा शास्त्रीय शब्द मराठी-इंग्रजी दोन्हींत वहीत उतरवले, तर पाऊस पडेपर्यंत सातआठशे शब्द होतात. भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न सीईटीत मराठीतही मागता येतात आणि नीटचीही मराठी प्रत मिळते. गणिताचे प्रश्न मात्र सीईटीत इंग्रजीतच असतात. अर्ज भरतानाच हे ठरवावे लागते.

आता कागदांविषयी, कारण आपल्या समाजात मुलाच्या गुणांपेक्षा बापाच्या कागदांनी अधिक प्रवेश बुडवले आहेत. राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र आणि पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र अशी दोन्ही लागतात. धर्मांतरानंतर जन्मलेल्या आपल्या पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यांवर पुष्कळदा केवळ 'बौद्ध' असे लिहिलेले आहे. त्याचा आम्हांस अभिमानच आहे. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांस केंद्राच्या सवलतीही दिल्या, पण पूर्वीची जात सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच शिरावर राहिले. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा दाखला. गेले नसतील, आणि बहुतेकांचे गेले नाहीत, तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी किंवा वतनाच्या जमिनीचा कागद. ज्या महार वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, त्याच वतनाचा कागद आज नातवास महाविद्यालयात नेण्यास उपयोगी पडतो! भोर हे १९४८ पर्यंत संस्थान होते, त्यामुळे जुने कागद कोठे आणि कोणत्या लिपीत सापडतील याचा नेम नाही; काही मोडीत असतात, वाचणारा शोधावा लागतो. हे काम निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. मूल अकरावीत असतानाच अर्ज महाविद्यालयामार्फत समितीकडे गेला पाहिजे. पोचपावतीवर काही मुदत मिळते, पण मुदत संपली आणि प्रमाणपत्र आले नाही की राखीव जागा हातची जाते. शिष्यवृत्ती आणि फीमाफीही याच कागदांवर उभ्या असतात.

अन् दार दूर आहे असेही नाही. भोर तालुक्यात महामार्गालगत धांगवडीस अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भोरमध्ये औषधनिर्माणशास्त्राचे आहे. आपल्या वस्तीतून त्यांच्या इमारती दिसतात. आत किती मुले आपली आहेत, ते आपणच मोजून पाहा.

आपण म्हणाल, आम्ही अडाणी, आम्ही मुलास काय शिकवणार? सुभेदार रामजींनी बाबासाहेबांस रसायनशास्त्र शिकवले नव्हते. परळच्या चाळीत एकच खोली होती, म्हणून मुलास लवकर झोपवून ते स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्यास अभ्यासास उठवीत. पुस्तकासाठी लेकीचा दागिना मागून गहाण टाकीत आणि पेन्शन आली की सोडवीत. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला.

आपल्या वस्तीतही खोल्या लहान आहेत, दूरदर्शन संच मोठा आहे. पण प्रत्येक वस्तीत एक मोठी, स्वच्छ, दिवाबत्तीची खोली आहे, ती म्हणजे आपला विहार. ती पौर्णिमेस आणि जयंतीस उघडते, एरवी तिला कुलूप असते. आम्ही विचारतो, हे कुलूप कोणाविरुद्ध आहे? रात्री आठ ते अकरा विहार अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उघडा. किल्ली जो सांभाळतो त्याने रोज येऊन उघडावा, आणि एका वडीलधाऱ्याने नुसते बसून राहावे. जयंतीच्या ध्वनिक्षेपकांचे एका रात्रीचे भाडे वाचले तर जुने दोन संगणक येतात. सीईटी संगणकावरच होते, आणि ज्या मुलाने कधी माऊस धरला नाही त्याची पहिली दहा मिनिटे हात थरथरण्यात जातात. सकाळच्या सत्राचे केंद्र पुण्यात पडले तर पहिल्या एस.टी.च्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच नातलगाकडे मुक्काम करा.

पुण्यात नोकरीस असलेल्या आपल्या अभियंत्यांस, शिक्षकांस, बँकेतील बाबूंस एवढेच म्हणावयाचे आहे. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्यास बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जे दुःख बोलून दाखवले ते आपण भाषणांत दरवर्षी सांगता. भोर पुण्यापासून पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. महिन्यातून दोन रविवार या. एकाने गणित घ्यावे, एकाने रसायन, आणि ज्यास काहीच शिकवता येत नाही त्याने मुलांचे जातीचे कागद तपासावे. येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर गावातील अकरावी-बारावीच्या मुलांची नावे एका कागदावर लिहा, आणि प्रत्येक नावापुढे लिहा की वैधतेचा अर्ज गेला की नाही.