पोटरीला तेल नको

मागच्या थंडीत आजी आमच्या लष्करमधल्या घरी मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं आणि कृत्रिम खुबा बसवावा लागला. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी! "अटलजींनी गुडघे बदलून देश चालवला, मला घर नाही चालवता येणार?" आपल्या ग्वाल्हेरच्या माणसाचा दाखला, तिला कोण अडवणार? २००० आणि २००१ मध्ये मुंबईत झालेली ती ऑपरेशनं गुडघ्यांची होती, हे मी सांगून पाहिलं.

खुब्याची पथ्यं वेगळी. सुरुवातीचे तीनेक महिने नवा गोळा वाटीतून निसटण्याची भीती जास्त. म्हणून पाटावर बसायचं नाही, मांडी नाही, वाकून चप्पल उचलायची नाही. कमोडवर उंच सीट बसवली. आमचं सगळं लक्ष तिथेच.

चौदाव्या दिवशी आजी म्हणाली, "पोटरी भरून आलीय रे, जरा तेल चोळून दे." मी तिळाचं तेल गरम केलंही. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, म्हणून तर फसायला होतं. पण ही पोटरी कडक आणि गरम लागली. इंजिनिअरला दुसरं काय सुचणार? आईची शिवणाची टेप आणली. दुसऱ्या पायापेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त!

सर्जनना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "चोळलं नाही ना?" डॉपलर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकतं.

चूक आमचीच. रक्त पातळ ठेवायची गोळी डिस्चार्ज कार्डावर ३५ दिवस लिहिली होती. पट्टीत होत्या १०. पट्टी संपली, आम्हाला वाटलं कोर्स संपला. ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा मी, घरचं एक कार्ड नीट वाचलं नाही.

तुमच्याकडे असं ऑपरेशन झालं असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी बघा. जखमेतून पाणी येणं, ताप, पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ, रात्र असली तरी.

आजी आता बरी आहे. गोळ्या स्वतः मोजते. माझ्या मोबाइलच्या अलार्मवर तिचा भरवसा नाही.