रात्री कोण कुठे झोपतं?



मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी शिरलं. आम्ही सगळ्यांनी आपापलं सामान वर चढवलं, मुलांना कडेवर घेतलं. फज्रच्या वेळी पाणी ओसरलं तेव्हा कळलं, की शेजारच्या इमारतीतल्या मागच्या खोलीत एक वृद्ध खाला रात्रभर एकट्याच होत्या. खाट विटांवर होती म्हणून बचावल्या. त्यांचा मुलगा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी होता. आमच्या घरापासून त्यांचं दार चाळीस पावलांवर आहे. मला म्हणाल्या, "आवाज दिला होता गं बेटी. पावसात कुणाला ऐकू गेला नाही."

पुढे शाळेत दुसरं महायुद्ध शिकवायची तयारी करताना मी लंडनच्या वॉर्डनांबद्दल वाचत होते. मनात सारख्या त्या खाला येत होत्या.

७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडले. पुढच्या मे महिन्यापर्यंत ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक नागरिक मेले. गल्लीगल्लीत जी माणसं हेल्मेटवर 'डब्ल्यू' हे अक्षर मिरवत उभी होती, ती सैनिक नव्हती. बहुतेक जण दिवसा आपली नोकरी करून रात्री बिनपगारी काम करणारे होते. त्यांत बायकाही होत्या.

काम साधं होतं. अंधार पडला की फेरी मारायची, कुणाच्या पडद्यातून उजेड दिसला तर दार ठोठावायचं. गॅसचे मुखवटे नीट बसतात का ते पाहायचं. चढउताराचा भोंगा वाजला की माणसांना आसऱ्याच्या जागी न्यायचं, सलग भोंगा वाजेपर्यंत तिथे धीर द्यायचा. बॉम्ब पडला की धावत जाऊन पाहायचं: किती माणसं अडकलीत, आग आहे का, गॅसची किंवा पाण्याची वाहिनी फुटलीय का, रस्ता बंद आहे का. ते कागदावर लिहून नियंत्रण केंद्राला कळवायचं. टेलिफोन तुटला असेल तर सायकलवरचा पोरगा निरोप घेऊन जायचा.

आणि एक काम युद्धाच्या आवाजाआधीच करून ठेवायचं: आपल्या हद्दीतल्या कोणत्या घरात किती माणसं, रात्री कोण कुठे झोपतं, कोण म्हातारं आहे, कोणाला चालता येत नाही. घर कोसळल्यावर सुटका पथकाला कुठे खणायचं, ते वॉर्डनच सांगू शकत असे. जिन्याखाली झोपणाऱ्याला माजघरात शोधण्यात वेळ गेला, तर जीव जायचा.

यांच्यातच ईटा एकपेन्यॉन होते. नायजेरियातले शिक्षक, कायदा शिकायला लंडनला आलेले. सैन्यासाठी वय उलटलेलं, म्हणून मॅरिलबोन भागात वॉर्डन झाले. आपले अनुभव त्यांनी १९४३ साली एका छोट्या पुस्तिकेत लिहिले. एका आसऱ्यात काही लोक परदेशी माणसांना 'आपल्या देशात जा' म्हणू लागले, वेगळं बसवू लागले. एकपेन्यॉन यांनी सुनावलं: इथे सगळ्यांनी मिळून-मिसळून राहायचं, ज्याला हे पटत नसेल त्याने दुसरीकडे जावं. काळ्या माणसाचा पायगुण चांगला, अशीही त्या वस्तीत समजूत होती. ते त्यांना पोरकट वाटलं. पण त्यामुळे लोक आपलं ऐकतात, याचा त्यांना आनंदच झाला. वर्गात गोंधळ आवरणारा शिक्षक मला त्यात ओळखीचा वाटला.

मी ठरवलं, आपल्या गल्लीची वही करायची. पहिल्याच दारात विचारणा झाली, "नावं कशाला लिहिताय, मॅडम? कुणी सांगितलंय?" दुसऱ्या दारातही तेच. त्यांना दोष कसा देऊ? हल्ली दारात कुणी कागद-पेन घेऊन आलं की माझ्याही पोटात गोळा येतो. लंडनमध्येसुद्धा बॉम्ब पडण्याआधीचे कित्येक महिने वॉर्डनांना लोक 'नाक खुपसणारे' म्हणून हिणवत होते.

मग मी वही घरी ठेवली. रविवारी एकेका घरी चहाला जाऊन बसू लागले. सहा महिने झाले. कुणाच्या अब्बांना रात्री ऐकू येत नाही, कुणाची सून दिवसांत आहे, कोणत्या खोलीतला विद्यार्थी परगावचा आणि एकटा आहे, हे आता मला तोंडपाठ आहे. मागच्या खोलीतल्या खालांच्या दाराची एक किल्ली आमच्या खुंटीला असते. त्यांनी ती स्वतः होऊन दिली.

वाचकहो, तुमच्या शेजारच्या घरात आज रात्री किती माणसं झोपणार आहेत? ठाऊक नसेल तर येत्या रविवारी चहाला जा. वही नेऊ नका.