अनेकांची एक वही

ब्लॉकचेन म्हणजे एकच खातेवही अनेकांच्या हाती ठेवणे. एकाने मागाहून खाडाखोड केली, तर इतरांच्या प्रतींवरून ती उघड होते. युरोपीय संघाने २०२३ साली संमत केलेल्या नियमात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन, कॉफी आदी मालास मज्जाव असून शेताचे अक्षांश-रेखांशही मागितले आहेत. त्याचा अंमल लांबत आला, तरी अशा हिशेबास ही वही सोयीची खरी.

परंतु नोंद पुसता न येणे निराळे आणि नोंद खरी असणे निराळे, हे आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. दहा शेतांचा माल एका ढिगात मिसळल्यावर कोणता दाणा कोठला, हे यंत्र सांगणार नाही. पहिली नोंद सचोटीचीच हवी.

शिवाय वही कोणाच्या कह्यात? मर्स्क व आयबीएम यांनी २०१८ मध्ये उभारलेले ट्रेडलेन्स हे जहाजी मालाचे दफ्तर सर्व व्यवसायाचे पुरेसे सहकार्य न मिळाल्याने २०२३ मध्ये बंद झाले.

म्हणून आमचे मत असे, की नियम ठरविताना शेतकरी व लहान व्यापारी यांस बरोबरीचे स्थान असावे आणि नोंदीचा खर्च खरेदीदारानेही सोसावा. अन्यथा गरिबाचा निर्दोष माल केवळ दाखल्याअभावी बाजाराबाहेर राहील. व्यापारी बंधूंनी याचा अवश्य विचार करावा.