सराफ्यातील झारेकरी

पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या आसपासच्या रखरखीत माळावर धातुशोधक यंत्र घेऊन सोने हुडकत हिंडणे हा सुटीतला छंद आहे. सरकारी परवाना घ्यावा, सापडेल तो कण खिशात घालावा. काहीच न सापडले तरी त्या घरची चूल विझत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या भूमीत असा शोध व्यर्थ ठरेल. मराठवाड्याच्या काळ्या कातळात सोने नाही. निजामाच्या राज्यातले सोने दूर रायचूरकडे, हट्टीच्या खाणीत. (त्याच भागात मस्की येथे 1915 साली सोन्याच्या शोधात निघालेल्या बीडन नावाच्या अभियंत्याला सोन्याऐवजी अशोकाचे नाव कोरलेला शिलालेख सापडला.) तरीही येथे सोने शोधणारे आहेत. जेथे सोनारांच्या पेढ्या तेथे झारेकरी, हा महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या सराफ्याचा नियम आहे. कारागिराच्या कानशीतून उडालेला, हातपाय धुताना वाहून गेलेला कण हीच त्यांची खाण. पेढीतला केर मालक स्वतः राखून विकतो. झारेकऱ्याच्या वाट्याला येते ते रस्त्यावरचे व गटारातले, उरल्यातले उरलेले.

पहाटे रस्ता झाडायचा, गाळ उपसायचा, घमेल्यात खळबळून हलकी माती वाहू द्यायची. तळाच्या काळ्या गाळात पारा घातला की तो सोन्याचे कण धरून ठेवतो. मग फडक्यातून पिळून उरलेला गोळा विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, सोने राहते. उडालेला पारा जातो कोठे? ज्या खोलीत स्वयंपाक होतो, मुले निजतात, तेथेच विस्तव असेल तर त्यांच्या छातीत. पाऱ्याच्या वाफेने मज्जातंतू व मूत्रपिंडे निकामी होतात, हात कापू लागतात. हाती आलेला गोळा विकायचा पुन्हा व्यापाऱ्यालाच, त्याच्याच काट्यावर.

कायद्याला हा माणूस दिसत नाही. 1878 चा निखात निधी कायदा जमिनीत पुरलेल्या धनाविषयी बोलतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे सापडले तर कलेक्टरला कळवा म्हणतो. 1957 चा खनिज कायदा खाणींचा. भारताने 2018 साली मान्यता दिलेल्या मिनामाता करारात पाऱ्याने सोने काढणाऱ्या लहान खाणकामगारांचे कलम आहे खरे, परंतु ते खनिजातून सोने काढणाऱ्यांपुरते. गटारातला गाळ खनिज नव्हे! 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा वर्तमानपत्रांनी गुंतवणूकदारांना सल्ले दिले; झारेकऱ्याची आठवण कोणाला होणार?

उपाय अवघड नाहीत. फिलिपिन्समधील लहान खाणकामगारांनी पाऱ्याविना, टाकणखार घालून सोने वितळवण्याची रीत रूढ केली आहे, आणि टाकणखार तर आपल्या प्रत्येक सोनाराच्या फळीवर असतो. महानगरपालिकेने सराफ्यालगत नळ, छप्पर व धुराडे असलेली धुण्याची जागा द्यावी. ज्यांच्या धंद्याची धूळ ही माणसे उचलतात त्या व्यापाऱ्यांनी तिचा खर्च सोसावा. असंघटित कामगारांसाठी 2021 पासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली. परंतु ती आपोआप होत नाही. कार्यकर्त्यांनी पेढ्या उघडण्यापूर्वी सराफ्यात पोहोचावे आणि तेथेच, गटाराच्या काठी, नोंदणीला आरंभ करावा.