बाग बघायला आम्हीही येऊ

मोडनिंबच्या बोर-डाळिंबाच्या बागांत आमच्या बाया रोज मजुरीला जातात. पाहुण्या म्हणून कधीच नाही. सप्टेंबरात पोषण महिना पाळतात, तेव्हा एक रविवार गावातल्या साऱ्या बागा, परसबागा सर्वांना खुल्या ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते. वाड्यातल्या तशा वस्तीतल्याही. आलेल्याने पाणी तिथलेच प्यावे, आमच्या दारीसुद्धा.

वस्तीत जागा कुठे, म्हणाल. पत्र्याच्या डब्यात पालक येतो, न्हाणीच्या पाण्यावर शेवगा. त्याच्या पाल्यात लोह आहे. भाजीवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. रक्त कमी असलेल्या लेकीसुनांच्या गोळ्या मात्र बंद करू नका.

आणि बागवाल्यांनी त्या दिवशी फवारणीचे औषध कोणते, तेही दाखवावे. पाठीवर पंप आमच्याच पोरांच्या असतो.