हात प्लास्टरमध्ये, मन कामात

ओल्या फरशीवरून पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी हात टेकला जातो आणि मनगटाचे हाड मोडते. साठी ओलांडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रसंग अनेक घरांत घडतो. मग काही आठवडे हात प्लास्टरमध्ये, गळ्यातील झोळीत. स्वयंपाकघरात सून पोळ्या लाटत असते आणि शेजारी खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंचे मन लाटण्याबरोबर फिरत असते. हाड जुळेल, परंतु हाताला पूर्वीचे बळ येईल का, ही चिंता त्यांना ग्रासते. मनातल्या मनात फिरणारे ते लाटणे सर्वस्वी व्यर्थ असते काय?

या प्रश्नाचा शोध शास्त्रज्ञ सुमारे शंभर वर्षे घेत आहेत. १९३० च्या सुमारास शिकागो येथे डॉ. एडमंड जेकबसन यांनी स्नायूंतील अतिसूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजण्याचे प्रयोग केले. शांत पहुडलेल्या व्यक्तीस उजवा हात वाकवीत असल्याची केवळ कल्पना करण्यास सांगितले असता, हात न हलताही त्याच हाताच्या स्नायूत क्षीण विद्युत्‌स्पंदने उमटली. हात वाकताना ‘पाहण्याची’ कल्पना केली, तेव्हा डोळ्यांच्या स्नायूंत हालचाल नोंदली गेली. पुढील काळातील अनेक प्रयोगांत मात्र कल्पनेच्या वेळी स्नायू जवळजवळ स्तब्ध आढळले. स्नायूंत काही उमटते की नाही, याबद्दल त्यामुळे एकमत नाही.

तरीही स्नायूंचे बळ वाढू शकते, हे आश्चर्य आहे. १९९२ मध्ये आयोवा विद्यापीठातील युए आणि कोल या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी आठवड्यातून ५ वेळा, याप्रमाणे ४ आठवडे करंगळी बाहेरच्या बाजूस जोराने ताणण्याचा व्यायाम केला. काहींनी तोच व्यायाम केवळ मनात केला. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचे बळ सरासरी ३० टक्क्यांनी वाढले, कल्पना करणाऱ्यांचे २२ टक्क्यांनी. ज्यांनी काहीच केले नाही, त्यांची वाढ ४ टक्क्यांहूनही कमी होती.

याचे मर्म असे की, बळाच्या हिशेबात दोन रकमा असतात. एक स्नायूची जाडी आणि दुसरी मेंदूकडून मज्जारज्जूमार्गे स्नायूला मिळणाऱ्या आज्ञेची तीव्रता. कल्पनेमुळे पहिली रक्कम वाढत नाही; दुसरी वाढू शकते. हालचालीची कल्पना करताना मेंदूतील हालचालीची आखणी करणारे भाग बव्हंशी तसेच कार्यरत होतात, जसे प्रत्यक्ष हालचालीच्या वेळी होतात. शेवटची आज्ञा तेवढी रोखून धरलेली असते.

प्लास्टरमध्ये या दोन्ही रकमा घटतात. २०१४ मध्ये ओहायो विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींचे मनगट ४ आठवडे जखडून ठेवले. त्यांपैकी काहींनी आठवड्यातून ५ दिवस, मनगट पूर्ण ताकदीने दाबीत आहोत अशी कल्पना केली; ५ सेकंद जोर आणि ५ सेकंद विसावा. प्लास्टर काढल्यावर कल्पना न करणाऱ्यांचे बळ सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले आढळले; कल्पना करणाऱ्यांचे सुमारे २४ टक्क्यांनी. हानी झालीच, परंतु ती जवळजवळ निम्म्यावर आली.

येथे अतिशयोक्ती टाळावयास हवी. १९९८ मध्ये कोपराच्या स्नायूंवर केलेल्या एका प्रयोगात कल्पनेचा असा लाभ दिसला नाही. शिवाय ओहायोतील मनगटे मोडलेली नव्हती. म्हणून मानसिक सराव हा उपचाराचा पर्याय नव्हे; प्लास्टर निघाल्यावर करावयाचा व्यायाम त्याने टळत नाही. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच तो सुरू करावा. कल्पना करताना हात खरोखर ताणला जात असेल अथवा वेदना होत असेल, तर लगेच थांबावे.

अनुमती मिळाल्यास पद्धत सोपी आहे. शांत जागी बसावे, डोळे मिटावेत आणि हात सैल सोडावा. दुरून पाहिल्याप्रमाणे हाताचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यापेक्षा, लाटण्याचा गोल दांडा तळहाताखाली फिरतो आहे, मनगट दाब देते आहे, असा आतून अनुभव घ्यावा. पाच सेकंद जोर, मग तेवढाच विसावा. थकवा येण्यापूर्वी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे.

घरच्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सासूबाई डोळे मिटून स्वस्थ बसल्या आहेत, असे पाहून त्यांना हाक मारण्याची घाई करू नये. कदाचित त्या पोळ्या लाटत असतील.