संमती कोणाची?

पोळ्याच्या आगेमागे उमरखेड तालुक्यातील कपाशी दाटते आणि फवारणीला जोर चढतो. कृषी केंद्रातून उधारीवर आणलेल्या बाटलीला येथे सर्वजण ‘औषध’ म्हणतात. ते कोणते घ्यावे, कशात मिसळावे, किती टाकावे हे बहुधा दुकानदारच सांगतो. बाटलीवरचा लाल त्रिकोण आणि बारीक अक्षरांतील माहितीपत्रक प्रत्यक्ष फवारणाऱ्या मजुरापर्यंत क्वचितच पोहोचते. त्याच्या वाट्याला येतो तो पाठीवरचा पंप.

या व्यवहाराचा शेवट कसा होऊ शकतो, हे २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबरात यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला दिलेला अधिकार मुळात तेवढाच. चौकशी अपुरी राहिल्यास फार तर आणखी तीस दिवस. नोव्हेंबरात फवारणीचा हंगाम सरत आलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

अशा विषांच्या व्यापाराला शिस्त लावण्याचा प्रयत्न जगात झालेला नाही असे नाही. घातक कचऱ्याच्या वाहतुकीसाठी १९८९ चा बाझल करार आहे. दीर्घकाळ न विघटणाऱ्या विषांसाठी २००१ चा स्टॉकहोम करार आहे. यवतमाळला सर्वांत जवळचा मात्र १९९८ चा रॉटरडॅम करार. तो २००४ साली अमलात आला आणि पुढच्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. त्याचे तत्त्व साधे आहे : यादीतील रसायन दुसऱ्या देशात पाठवावयाचे, तर त्या देशाला त्याचे धोके आधी कळले पाहिजेत आणि त्याने जाणतेपणी होकार किंवा नकार दिला पाहिजे. यादीत नाव येणे म्हणजे बंदी नव्हे, हे अनेकदा विसरले जाते.

तत्त्व निर्दोष आहे. परंतु त्याची धाव देशाच्या सीमेपर्यंतच आहे. मोनोक्रोटोफॉस या यादीत २००४ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली भारताला त्यावर बंदी घालण्याचा विचार करावयास सांगितले. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात त्याच विषाने दूषित झालेले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. तरीही त्याच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा आदेश निघण्यास २०२३ साल उजाडले. माल देशातच तयार होत असेल, तर आयातीच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय यादीत नवे नाव घालावयाचे तर सर्व सदस्य देशांचे एकमत लागते. २०१३ साली पॅराक्वॅट या तणनाशकाच्या समावेशाला ज्यांनी विरोध केला, त्यांत भारतही होता. उलट, यवतमाळात तात्पुरत्या बंदीखाली आलेल्या पाचांपैकी डायफेन्थ्युरॉनची निर्यात स्वित्झर्लंडने २०२१ पासून स्वतःहून थांबविली.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर बाटलीच्या किमतीत तिचा पूर्ण खर्च धरलेला नसतो. उत्पादकाचा नफा, दुकानदाराचे कमिशन, शेतकऱ्याचे वाचलेले पीक हे सारे हिशेबात येते. मजुराच्या अंधारलेल्या डोळ्यांचा खर्च त्याच्या घरावर पडतो. बाजार चोख चालावा यासाठी घेणाऱ्यास पुरेशी माहिती असावी लागते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे तर धोका पत्करणारा मनुष्य घेणाराही नाही. दिवसाच्या रोजासाठी तो पंप उचलतो, हीच त्याची संमती समजली जाते. हातमोजे व मुखपट्टी न वापरल्याबद्दल त्यालाच दोष देणारे अधिकारी आणि पुढारी २०१७ साली कमी नव्हते. भर उन्हात दाट कपाशीतून ती साधने घालून कधी त्यांनी दोन तास पंप चालवून पाहावा.

रॉटरडॅम करारातील एका तरतुदीकडे मात्र यवतमाळने लक्ष दिले पाहिजे. प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत एखाद्या कीटकनाशकाने विषबाधा घडत असेल, तर विकसनशील देशाला त्या घटनांच्या आधारे ते यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडता येतो. त्यासाठी प्रयोगशाळेतील प्रबंध लागत नाही. घटनेची नीट नोंद लागते. कोणते द्रावण, कोणता पंप, किती वेळ फवारणी, कोणती लक्षणे, उपचार काय झाले, एवढे लिहून ठेवलेले हवे. ‘अज्ञात विष’ असा शेरा मारलेला केसपेपर जिनिव्हात तर सोडाच, मुंबईतही उपयोगी पडत नाही.

उमरखेडच्या रुग्णालयात फवारणीहून आलेल्या प्रत्येक रुग्णासोबत बाटली आणावयास लावणे, तिच्यावरील तांत्रिक नाव केसपेपरवर लिहिणे, रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी जिल्ह्यातच होईल असे पाहणे आणि ही नोंद दर हंगामाअखेर कृषी खात्याकडे पाठविणे, यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. तहसील, पंचायत समिती आणि आरोग्य खाते यांनी पुढील पोळ्यापूर्वी एका टेबलाभोवती बसून हे ठरविता येईल.